जेम्स जॉइसची 'द डेड' अभ्यासाला आहे? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

परीक्षा जवळ आली की आयरिश लेखक जॉइसच्या या एका कथेवरचे तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. सोपे आधी आहेत, डोकं खाणारे नंतर. कथा एकदा तरी वाचून मग या, कारण शेवट लपवलेला नाहीये.

१. शॉर्ट स्टोरी म्हणतात ना, मग संपत का नाही?

कारण पंधरा हजारांच्या वर शब्द आहेत. 'डब्लिनर्स' या संग्रहात १५ कथा आहेत, त्यातली ही शेवटची आणि सगळ्यात मोठी. काही जण नॉव्हेला (लघुकादंबरी) म्हणतात, त्यावरून वाद घालत बसू नका, मार्क मिळत नाहीत. जॉइसने ती १९०७ मध्ये इटालियन बोलणाऱ्या ट्रिएस्ट शहरात लिहिली, तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि नुकताच रुमॅटिक फीव्हरमधून उठला होता. पुस्तक मात्र १९१४ च्या जूनमध्ये आलं. लंडनच्या ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाने आधी १९०६ मध्ये हो म्हणून मग माघार घेतली, पुढे डब्लिनमध्ये छापून झालेले फर्मे १९१२ मध्ये नष्ट केले गेले आणि शेवटी परत त्याच ग्रँट रिचर्ड्सने काढलं. त्यामुळे १९१४ बघून 'महायुद्धाच्या सावलीत लिहिलेली कथा' वगैरे लिहू नका, लिहून सात वर्षं झाली होती.

२. कथा दोन मिनिटांत सांगा ना, उद्या टेस्ट आहे.

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी अशर्स आयलंड नावाच्या रस्त्यावरच्या घरात केट आणि ज्युलिया मॉर्कन या दोन म्हाताऱ्या बहिणी दरवर्षी नाताळाच्या दिवसांत गाण्याबजावण्याची, नाचाची आणि जेवणाची पार्टी देतात. त्यांचा भाचा गॅब्रिएल कॉनरॉय बायको ग्रेटाला घेऊन येतो, हंस कापून वाढतो, भाषण करतो. निघताना ग्रेटा जिन्यात उभी राहून एक जुनं गाणं ऐकते. त्या रात्री दोघं ग्रेशम हॉटेलवर उतरतात, गॅब्रिएलच्या मनात प्रणय असतो आणि ग्रेटा रडायला लागते, कारण ते गाणं आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गॉलवेमध्ये मायकल फ्युरी नावाचा मुलगा म्हणायचा, तो सतराव्या वर्षी गेला, आणि तिला वाटतं की तो तिच्यासाठीच मेला. ती रडत रडत झोपून जाते, गॅब्रिएल जागा राहतो, बाहेर बर्फ पडत असतो. संपलं. टेस्ट निघेल पण कथा यात नाहीये, प्रश्न ५ बघा.

३. एवढी माणसं! कोण कोणाचं कोण?

लग्नघरात पहिला अर्धा तास जसं काही कळत नाही तसंच आहे हे, आणि मला वाटतं जॉइसला तेच हवं होतं. केट आणि ज्युलिया गॅब्रिएलच्या सख्ख्या मावश्या, त्यांची मोठी बहीण एलन ही त्याची आई, ती आता नाही. मेरी जेन ही त्यांच्या भावाची मुलगी, म्हणजे त्यांची भाची आणि गॅब्रिएलची मामेबहीण, पियानो शिकवते, घर बरंचसं तिच्या कमाईवर चालतं. लिली ही कामाला असलेली मुलगी. फ्रेडी मॅलिन्स दारूडा पण मनाने चांगला, मिस्टर ब्राउन या कॅथलिक घोळक्यातला प्रोटेस्टंट, बार्टेल डार्सी गायक, मिस आयव्हर्स गॅब्रिएलची बरोबरीची शिक्षिका. एक तक्ता काढा वहीत आणि त्यात मायकल फ्युरीसाठी पण जागा ठेवा, पार्टीत नसला तरी.

४. कथा नक्की कुठल्या सालातली? पुस्तकात तर तारीखच नाही.

तारीख नाही पण खुणा आहेत. फ्रेडीने ३१ डिसेंबरच्या रात्री दारू सोडायची शपथ घेतली असं मावश्या सांगतात, म्हणजे नवं वर्ष लागलंय, म्हणून बरेच अभ्यासक ६ जानेवारी, एपिफनीचा सण, असं धरतात. आणि केट मावशी पोपवर भडकते ना, की आयुष्यभर चर्चमध्ये गायलेल्या बायकांना कॉयरमधून काढून पोरांना उभं केलं, तर पोप दहावे पायस यांचा तो आदेश २२ नोव्हेंबर १९०३ चा आहे. दोन्ही जोडलं की जानेवारी १९०४ येतं. परीक्षेत 'बहुधा १९०४' लिहा, 'कथेत १९०४ म्हटलंय' असं लिहू नका. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राजवटीखाली होतं आणि १९२२ पर्यंत राहिलं.

५. पार्टीचा भाग फार बोअर आहे, शेवटची दहा पानं वाचली तर चालेल का?

नाही. आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब उत्तर देते.

शेवटाला जे जे लागतं ते सगळं पार्टीत आधीच येऊन गेलेलं असतं, तुमच्या नजरेसमोरून, गप्पांच्या ओघात. शेवटच्या परिच्छेदात सगळ्या आयर्लंडभर बर्फ पडतंय हे वाक्य येतं, लोक त्यावर भारावून जातात, पण ते आधी मेरी जेन बोलून गेलीय, सकाळच्या पेपरात वाचलं म्हणून! पाहुणे कोट चढवत असताना मारलेली हवापाण्याची गप्पा आहे ती. पानं सोडली तर हे कळणारच नाही. तसंच ज्युलिया मावशी 'अरेड फॉर द ब्रायडल' हे नवरीच्या साजशृंगाराचं गाणं म्हणते, म्हातारी, लग्न न झालेली बाई, सगळे टाळ्या वाजवतात, आणि हॉटेलात गॅब्रिएलला आठवतं की गाताना तिचा चेहरा ओढलेला दिसला होता, आता ही पण फार दिवस नाही. जेवताना एका मठातले साधू शवपेटीत झोपतात असा विषय निघतो, आणि विषय फार उदास झाला म्हणून सगळे गप्प होतात. कथेचं नाव काय आहे ते आठवा.

आता जेवणाचं टेबल बघा, मला तर अख्ख्या कथेत ते वर्णन सगळ्यात आवडतं. एका टोकाला तपकिरी भाजलेला हंस, दुसऱ्या टोकाला हॅम, शेजारी मसाला लावलेलं बीफ, मधे जेली, कस्टर्ड, बदाम, अंजिरं. पण शब्द नीट वाचा, दोन टोकं एकमेकांची 'प्रतिस्पर्धी' आहेत, दारूच्या सुरया पहाऱ्यावरच्या शिपायांसारख्या उभ्या आहेत, पियानोवर बाटल्यांच्या तीन तुकड्या आपापल्या गणवेशाच्या रंगाप्रमाणे लावल्यात. ब्रिटिश फौजेची छावणी असलेल्या शहरातलं जेवणाचं ताट आहे हे. कोणी काही बोलत नाही, पण सैन्य टेबलावर आलेलं आहे. हे एक निरीक्षण उत्तरात घातलं तरी तपासणारा माणूस जागा होतो.

६. गॅब्रिएल वाईट माणूस आहे का? मला तो आवडलाच नाही.

वाईट नाही हो, स्वतःची फार काळजी करणारा आहे. लोक आपल्याला काय समजतील, भाषणात ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या ओळी घातल्या तर यांच्या डोक्यावरून जातील का, हेच चालू असतं डोक्यात. लिलीला सहज विचारतो की काय मग, लग्न कधी, आणि ती फटकन म्हणते की हल्लीचे पुरुष नुसते गोड बोलतात आणि मिळेल ते उकळतात, तर हा गडबडून तिच्या हातात नाणं कोंबतो. संध्याकाळभर तीन बायका त्याला तीनदा जमिनीवर आणतात, लिली, मिस आयव्हर्स आणि शेवटी ग्रेटा, आणि दर वेळी तो थोडा जास्त उघडा पडतो. पण भाचा म्हणून प्रेमळ आहे, आणि शेवटी बायकोवर रागवायचं सोडून तिच्याबद्दल त्याला काहीतरी मोठं वाटतं हे विसरू नका. आरशात स्वतःला बघून तो जी स्वतःची कीव करतो तेवढ्यावरच थांबून 'गॅब्रिएल अहंकारी आहे' लिहिलंत तर अर्धीच कथा लिहिलीत.

७. मिस आयव्हर्स त्याला 'वेस्ट ब्रिटन' म्हणते, एवढं काय झोंबतं त्याला?

वेस्ट ब्रिटन म्हणजे असा आयरिश माणूस जो आपल्या देशाला इंग्लंडचा पश्चिमेकडचा तुकडा समजतो. गॅब्रिएल 'डेली एक्स्प्रेस' या ब्रिटिशधार्जिण्या पेपरात आठवड्याला १५ शिलिंगवर पुस्तकांची परीक्षणं लिहितो, नावाची फक्त आद्याक्षरं देऊन, आणि तिने ते पकडलंय. मागे राजकारण मोठं आहे. १८९३ मध्ये गेलिक लीग सुरू झाली होती, आयरिश भाषा परत बोलायची, पश्चिमेकडे जायचं, जिथे ती अजून बोलतात, असं वारं होतं. ती त्याला उन्हाळ्यात ॲरन बेटांवर चला म्हणते, हा म्हणतो मी सायकलने फ्रान्स-बेल्जियमला जातो, आणि शेवटी चिडून बोलून जातो की मला माझ्या देशाचा कंटाळा आलाय. का, असं ती विचारते, त्यावर त्याच्याकडे उत्तर नसतं.

जॉइस कोणाच्या बाजूने आहे? कोणाच्याच पूर्ण नाही. तो स्वतः युरोपात पळून गेलेला माणूस होता, म्हणजे गॅब्रिएलच्या जवळचा, पण शेवटी गॅब्रिएलला पश्चिमेकडे तोंड करायला लावणारा पण तोच. (त्या पश्चिमेचं काय करायचं ते प्रश्न १३ मध्ये.)

८. तो घोड्याचा किस्सा कशाला आहे मधेच?

विनोद म्हणून वाचा आधी, हसू येतं. आजोबा पॅट्रिक मॉर्कन यांचा जॉनी नावाचा घोडा गिरणी फिरवण्यासाठी गोल गोल चालायचा. एक दिवस आजोबा ऐटीत त्याला गाडीला जुंपून लष्करी संचलन बघायला निघाले, वाटेत राजा विल्यमचा पुतळा लागला आणि जॉनी त्या पुतळ्याभोवती गोल गोल फिरायलाच लागला, काही केल्या थांबेना. गॅब्रिएल सांगता सांगता स्वतःच हॉलमध्ये गोल फिरून दाखवतो.

आता हा विल्यम म्हणजे १६९० मध्ये बॉइनची लढाई जिंकणारा तिसरा विल्यम, आयरिश कॅथलिकांच्या पराभवाचं नाव. त्याच्या पुतळ्याभोवती सवयीने फिरत राहणारं जनावर, आणि ती नक्कल करणारा गॅब्रिएल. 'पॅरॅलिसिस'वर, म्हणजे डब्लिनच्या माणसांना जागचं हलू न देणाऱ्या लकव्यावर, लिहायचं असेल तर यासारखा पुरावा नाही. आणि एक बारीक गोष्ट जी नोट्समध्ये सापडत नाही, अगदी शेवटी गॅब्रिएल म्हणतो की ज्युलिया मावशी पण लवकरच सावली होईल, पॅट्रिक मॉर्कनच्या आणि त्याच्या घोड्याच्या सावलीसोबत. घोडा पण! हसवून गेलेला घोडा मेलेल्यांच्या रांगेत उभा आहे.

९. 'द लास ऑफ ऑक्रिम' गाणं कथेबाहेर वाचायची गरज आहे का?

ग्रेटा जिन्यात उभी राहून ऐकते ते हेच गाणं, त्याची गोष्ट माहीत असली तरी पुरे. एक मुलगी कडेवर बाळ घेऊन पावसात भिजत लॉर्ड ग्रेगरीच्या दाराशी उभी आहे आणि तिला आत घेत नाहीत. म्हणजे गाण्यात बाई पावसात बाहेर, ग्रेटाच्या आठवणीत मुलगा पावसात बाहेर. मायकल आजारी होता, घराबाहेर पडायला मनाई होती, ग्रेटा दुसऱ्या दिवशी डब्लिनच्या कॉन्व्हेंटमध्ये जाणार म्हणून त्या रात्री नन्स आयलंडमधल्या तिच्या आजीच्या घराच्या खिडकीवर खडे मारले, ती ओलीचिंब बागेत धावली तर हा झाडाखाली कुडकुडत होता. आठवड्याभरात गेला. शिवाय ऑक्रिम हे गाव गॉलवेतलं, आणि १६९१ मध्ये विल्यमच्या सैन्याने तिथेच आयरिश बाजूचा मोठा पराभव केला, म्हणजे घोड्याचा धागा (प्रश्न ८) इथे येऊन मिळतो. यातलं कितीसं वाचकाला लक्षात यावं असं जॉइसला वाटत होतं ते सोडा, कथेत आहे.

१०. मायकल फ्युरी खरा होता का?

जॉइसची जोडीदार नोरा बार्नकल गॉलवेची. तिच्यावर जीव असलेला मायकल बॉडकिन नावाचा तरुण मुलगा १९०० मध्ये वारला, आणि ही हकिकत तिनेच जॉइसला सांगितलेली. अशर्स आयलंडचं घर पण खरं, जॉइसच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायका तिथे राहायच्या. पण बॉडकिन रहूनच्या दफनभूमीत आहे आणि कथेतला फ्युरी ऊटरार्डला, म्हणजे जॉइसने बदल केलेत. रिचर्ड एलमनच्या १९५९ च्या चरित्रात हे सविस्तर आहे. चरित्र चवीपुरतं वापरा, 'जॉइसला मत्सर वाटला म्हणून ही कथा लिहिली' हे उत्तर नाही होत.

११. निवेदक कोण आहे? थर्ड पर्सन लिहू की गॅब्रिएलच्या पॉइंट ऑफ व्ह्यूने लिहू?

दोन्ही थोडं थोडं. थर्ड पर्सन आहे पण निवेदकाचं बोलणं जवळच्या पात्राच्या बोलीत शिरतं, याला फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स म्हणतात. पहिलंच वाक्य बघा, लिलीची कशी धावपळ चाललीय ते लिलीच सांगेल तशा ठसक्यात सांगितलंय, निवेदक सुशिक्षित असूनही. पुढे तो गॅब्रिएलला चिकटतो. पण कायम नाही, मधेमधे मावश्यांच्या कौतुकाच्या सुरात पण बोलतो. म्हणून उत्तरात 'सर्वज्ञ निवेदक' एवढंच लिहून पुढे जाऊ नका, एक वाक्य उचला आणि हे कोणाच्या तोंडचं वाटतं ते दाखवा.

१२. एपिफनी आणि पॅरॅलिसिस हे दोन शब्द टाकले की मार्क मिळतात असं सीनियर म्हणाले.

मिळायचे कधीतरी. पॅरॅलिसिस हा शब्द जॉइसचाच आहे, १९०६ मध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने डब्लिनला लकव्याचं केंद्र म्हटलंय. पण ही कथा त्या पत्रानंतरची आहे! आणि मधल्या काळात रोमहून भावाला लिहिताना त्याला वाटलं होतं की आपण डब्लिनवर जरा जास्तच कठोर झालो, तिथलं आदरातिथ्य आपल्या कथांमध्ये आलंच नाही. मग ही जेवणाची, पाहुणचाराची कथा आली. म्हणजे बाकीच्या १४ कथांना लावलेलं लेबल हिला तसंच चिकटवता येत नाही. एपिफनी (इथे सण नाही, अचानक होणारा साक्षात्कार) हा शब्द जॉइसने दुसऱ्या एका हस्तलिखितात समजावलाय, या कथेत तो शब्द नाही. वापरा, पण गॅब्रिएलला नक्की काय उमगलं ते पुढच्याच वाक्यात सांगता आलं पाहिजे, नाहीतर पाट्या टाकल्यासारखं होतं.

१३. शेवटी 'पश्चिमेकडच्या प्रवासाला निघायची वेळ झाली' म्हणजे तो मरणार आहे का?

इथे भांडणं आहेत. एक वाचन: पश्चिम म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा, मरण, माणूस हळूहळू मेलेल्यांकडे सरकतोय. दुसरं: पश्चिम म्हणजे गॉलवे, ॲरन, ग्रेटाचं माहेर, मिस आयव्हर्सने बोलावलेलं ठिकाण, आणि आता तो नाही म्हणत नाहीये. तिसरं म्हणजे अर्धवट झोपेतला माणूस आहे तो, मनात काय काय येतं, सकाळी परत गलोशेस (बुटांवर घालायचे रबरी बूट) घालून निघेल. मला दुसरं जास्त पटतं, कारण पार्टीत ग्रेटा आनंदाने हात जुळवून म्हणाली होती की जा ना गॅब्रिएल, मला गॉलवे परत बघायचंय, आणि हा थंडपणे म्हणाला होता तुला जायचं तर जा. ते वाक्य शेवटी त्याच्याकडे परत येतंय. पण पहिलं वाचन चूक म्हणता येत नाही, दोन्ही मांडून एकाकडे झुका, तेवढं पुरतं.

१४. बर्फ कशाचं प्रतीक आहे? एका ओळीत सांगा.

एका ओळीत सांगता येत नाही म्हणूनच ते इतकं चांगलं आहे. मरणाचं प्रतीक लिहाल, तर गॅब्रिएल आत शिरतो तेव्हा ते फक्त खांद्यावर पांघरल्यासारखं आणि बुटांच्या टोकांवर आहे, झटकायची गोष्ट. भाषणाआधी तो खिडकीच्या गार काचेवर बोटं वाजवतो आणि वाटतं बाहेर पार्कात वेलिंग्टनच्या स्मारकावर बर्फ साचला असेल, तिथे किती छान असेल, तेव्हा ते सुटका आहे. रात्री घोडागाडीतून जाताना ओकॉनलच्या पुतळ्यावर ते चढलंय आणि गॅब्रिएल त्या पांढऱ्या माणसाला गुड नाइट म्हणतो, तेव्हा गंमत आहे. शेवटी जिवंत आणि मेलेल्या सगळ्यांवर सारखं पडतं. म्हणजे एकच बर्फ, चार वेळा चार गोष्टी. या जागा क्रमाने लिहा, प्रतीक आपोआप लिहून होतं.

१५. ग्रेटाच्या बाजूने उत्तर लिहिलं तर चालेल का? आमच्या पेपरला फेमिनिस्ट रीडिंग आहे.

चालेलच, आणि सामग्री भरपूर आहे. गॅब्रिएल अंधाऱ्या हॉलमधून जिन्यात उभ्या बायकोकडे बघतो, तिचा चेहरा सावलीत, स्कर्टच्या फक्त पट्ट्या दिसतायत, आणि हा मनात तिचं चित्र काढून त्याला 'डिस्टंट म्युझिक' असं नाव पण देऊन टाकतो. ती काय ऐकतेय हे विचारायचं त्याला सुचत नाही. त्याच्या आईने तिला गावंढळ पण हुशार असं काहीतरी म्हटलं होतं, आणि त्याच आईचं शेवटचं आजारपण ग्रेटाने काढलं.

अडचणीची जागा अशी की ग्रेटा आपली गोष्ट सांगते आणि झोपते, पुढचा सगळा अर्थ गॅब्रिएल लावतो. तिच्या दुःखातून याला साक्षात्कार, असा हिशोब आहे का? काही समीक्षक तसं म्हणतात. मला वाटतं जॉइसला हे माहीत होतं, म्हणून तो तिच्या झोपेनंतर खोलीतल्या वस्तू दाखवतो, खुर्चीवरून लोंबणारी परकराची नाडी, एक बूट उभा आणि वरचं चामडं ढिलं पडलेलं, दुसरा आडवा. चित्र मोडलं, बाई उरली. पटलं नाही तर उलट बाजू घ्या, हरकत नाही.

१६. सिनेमा बघून लिहिता येईल का?

जॉन ह्यूस्टनचा १९८७ चा सिनेमा सुंदर आहे, ग्रेटाचं काम त्याच्या मुलीने, अँजेलिका ह्यूस्टनने केलंय. माणसं ओळखायला फार उपयोग होतो. पण त्यात मिस्टर ग्रेस नावाचा कथेत नसलेला पाहुणा आहे, तो एक आयरिश कविता म्हणून दाखवतो, आणि दर वर्षी कोणीतरी ती कविता जॉइसच्या नावावर उत्तरात लिहितं. शिवाय प्रश्न ११ मधलं निवेदकाचं प्रकरण कॅमेऱ्यात येत नाही, शेवटचे विचार तर गॅब्रिएलच्या आवाजात ऐकवावे लागलेत.

१७. माझ्या पुस्तकात संवाद डॅशने सुरू होतात, मैत्रिणीच्या पुस्तकात अवतरणचिन्हं आहेत. कोणतं बरोबर?

जॉइसला डॅश हवे होते, अवतरणचिन्हं त्याला अजिबात आवडत नसत. १९१४ च्या आवृत्तीत प्रकाशकाने अवतरणचिन्हं घातली, नंतरच्या संपादित आवृत्त्यांमध्ये डॅश परत आणले. दोन्ही चालतात, फक्त उतारा देताना ज्या पुस्तकातून घेतला तसाच ठेवा आणि आवृत्तीचं नाव लिहा. जॉइस १९४१ मध्ये वारला, त्यामुळे भारतात कॉपीराइट केव्हाच संपलाय आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळते, तिथे अवतरणचिन्हांची प्रत आहे. पान नंबर मागितले असतील तर मात्र सिलॅबसमध्ये लिहिलेलीच आवृत्ती लायब्ररीतून काढा, मोबाईलवरच्या प्रतीला पान नंबर नसतो.